नखाएवढी ओळख

मोबाईलमध्ये जे सिमकार्ड घालतात, ते आपल्यापैकी फारच थोड्यांनी निरखून पाहिले असेल. दुकानदार ते घालून देतो, आणि पुढे यंत्र बिघडेपर्यंत त्याची आठवण करण्याचे कोणास कारण पडत नाही. १९९१ साली म्युनिक येथील गिझेके अँड डेव्हरिएंट ह्या नोटा छापणाऱ्या कंपनीने असे पहिले कार्ड तयार करून फिनलंडमधील एका दूरध्वनी कंपनीस विकले, तेव्हा ते चांगले ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद होते. म्हणजे सभ्य गृहस्थाने खिशातून काढून दुसऱ्याच्या हाती द्यावे, एवढे. पुढे त्याच्या कडा कातरल्या जाऊ लागल्या, आणि २०१२ साली ते १२.३ बाय ८.८ मिलिमीटरांवर येऊन थांबले. आता ते करंगळीच्या नखाएवढे असते, आणि जमिनीवर पडले तर शोधायला घरातली सगळी माणसे लागतात.

ह्या नखाएवढ्या तुकड्यात दोन वस्तू असतात. एक पंधरा आकड्यांची संख्या, तिच्यातले पहिले तीन आकडे देशाचे. आपल्या देशाचे ४०४ किंवा ४०५. दुसरी एक गुप्त किल्ली. ही किल्ली त्या कार्डास आणि ते देणाऱ्या कंपनीस एवढीच ठाऊक. मोबाईल चालू केला की कंपनी कार्डाला एक वाटेल ती संख्या पाठविते. कार्ड आपल्या किल्लीने तिचे गणित करून उत्तर परत धाडते. कंपनीही तेच गणित करून पाहते. दोन्ही उत्तरे जुळली की दार उघडते. किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही. लहानपणी कथांतून ऐकलेल्या राजदूतांच्या खुणेच्या शब्दांपेक्षा ही युक्ती अधिक शहाणपणाची आहे, कारण खुणेचा शब्द निदान एकदा तरी तोंडाबाहेर काढावा लागे.

यंत्राने यंत्राला ओळखायचे, तर त्यास असा पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. परंतु हे कार्ड ज्याच्या हाती द्यायचे, तो मनुष्य कोण, हे ठरविणे निराळे. त्या कामी गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमचे तीन आठवडे मोडले, आणि त्या तीन आठवड्यांत जे पाहिले त्याचा विचार अद्याप मनातून जात नाही.

आमचे दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे चिरंजीव. १९५२ साली ते अंबाजोगाईस आमच्या वाड्यात जन्मले, तेव्हा गाव हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. अशा रीतीने वयाच्या आठव्या वर्षाच्या आतबाहेर दादांची तीन राज्ये राहून झाली, तीही वाड्याचा उंबरठा न ओलांडता. आणि ह्या तिन्ही वेळी त्यांना कोणी एक कागद मागितला नाही. पुढे १९७६ साली इंजिनियर होऊन ते अमेरिकेस निघाले. मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. एस.टी.च्या टपावर चढविलेली लोखंडी पेटी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत काढलेले त्यांचे नाव एवढेच मला स्मरते. पेटीवरील नाव जाड ब्रशाने त्यांनी स्वतःच काढले होते, आणि ते वाचता येत नाही म्हणून मी रडलो होतो, असे आई सांगे.

त्या काळी परदेशी गेलेला मनुष्य म्हणजे महिन्याकाठी येणारे एक निळे आंतरराष्ट्रीय पत्र. फोन करावयाचा तर ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर पोस्टात बसावे लागे. १९८४ साली थोरले काका गेले. तार केली, ती पोहोचली, दादा निघाले, आणि दहाव्या दिवशी सकाळी वाड्यात आले. त्यानंतर बराच वेळ ते ओसरीवर नुसतेच बसून होते. तार पाठविण्याची ती सोयही २०१३ च्या जुलैत सरकारने बंद केली. तोवर तिचे काम कोणास उरले नव्हते.

तिकडे नोकरी, संसार, मुले, आणि ओघानेच तिकडचे नागरिकत्व. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने पत्करले की आपले आपोआप संपते. दादांनी जुना पासपोर्ट रीतसर परत केला आणि पुढे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया असे छापलेली एक पुस्तिका घेतली. ही व्यवस्था २००५ च्या डिसेंबरात अमलात आली. पुस्तिकेच्या नावात नागरिक हा शब्द आहे, परंतु ती बाळगणारास मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हवे तितके दिवस येथे राहता मात्र येते. म्हणजे घर घ्या, श्वास घ्या. नांगर आणि मत ह्यांस हात लावू नका, असा तो करार आहे. मला तो अन्याय्य वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या, आणि उरलेले दिवस अंबाजोगाईस काढण्याचे दादांनी ठरविले. मुलांनी आधी समजूत घातली, मग विमानाचे तिकीट काढून दिले.

ते आले त्याच दिवशी ध्यानात आले की, त्यांच्या मोबाईलला कार्ड घालावयाची खाचच नाही. अमेरिकेत २०२२ पासून विकले जाणारे आयफोन असेच असतात; तेथे नखाएवढे कार्डही जाऊन नुसती मनोमय वस्तू उरली आहे. तेव्हा आम्ही प्रथम एक साधासा मोबाईल विकत घेतला. त्यासाठी दुकानदाराने फक्त पैसे मागितले.

येथे कोणी विचारील की, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त गृहस्थास मोबाईलवाचून एवढे काय अडले होते? ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी पहिले मोबाईल संभाषण केले, तेव्हा हा प्रश्न रास्त होता. त्या वेळी मोबाईल ही श्रीमंतांची चैन होती. स्वतः फोन केला तर पैसे पडत, आणि दुसऱ्याचा आला तरीही पडत. आज तशी स्थिती नाही. गॅसची टाकी घ्यायची, तर मोबाईलवर आलेले आकडे वाचून दाखवावे लागतात. बँकेत खाते उघडायचे, तर पहिला रकाना मोबाईलचा. मंगळवारच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायला गेलो, तर भाजीवालीच्या टोपलीला २०१६ नंतर आलेला तो काळापांढरा चौकोन टांगलेला, आणि पाचशेची नोट पुढे केली की ती बाई तोंड फिरविते. दादांच्या खिशात दोन देशांचे चलन होते, आणि जुडी मात्र मीच विकत घेतली. असे आठ दिवस चालले. दिवसातून चार वेळा आपल्या धाकट्या चुलतभावाकडे हात पसरणे त्यांना किती जड जात असेल हे मला दिसत होते. ते बोलत नसत. रात्री एका वहीत हिशेब लिहून ठेवीत.

मोबाईलचे दुकान आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. दुकानातला मुलगा माझ्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ. त्याने आदराने खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, “काका, आधार द्या.”

“आधार नाही माझ्याकडं,” दादा म्हणाले.

“घरी राहिलं का? नंबर पाठ असला तरी चालतंय.”

“नाही म्हणजे काढलेलंच नाही.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. आधार नसलेला मनुष्य त्याने जन्मात पाहिला नसावा. त्याचेही बरोबर होते. देशातले पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी दिले गेले, आणि त्या दिवशी हा मुलगा पाळण्यातून नुकता उतरला असेल. दादांनी पासपोर्ट पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, मुखपृष्ठावरील गरुड पाहिला, आणि आत जन्मस्थळाच्या ठिकाणी इंडिया हे नाव वाचून तो चांगलाच बुचकळ्यात पडला.

“तुम्ही तर इथलेच की, काका!”

“इथलाच.”

“मग हे असं कसं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या भानगडीत दादा पडले नाहीत. मुलाने मोबाईलवरील त्या कंपनीच्या ॲपमध्ये खटपट करून परदेशी ग्राहकाचे पान शोधून काढले. त्यात पासपोर्टचा क्रमांक गेला, छायाचित्र गेले. पुढे व्हिसा संपण्याची तारीख मागितली. दादांच्या पुस्तिकेस अशी तारीखच नाही. ती आजन्म चालते. तारीख न घालता पुढे जाऊ म्हटले, तर ॲप जागचे हलेना. चार वेळा प्रयत्न करून मुलगा ओशाळून म्हणाला, “सर, पुढं जाईनाच हे. आणि गेलं तरी खाली लोकल माणूस मागतंय, ओळखीचा. ह्यांना ओळखणारा.”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

परंतु दादा उठले होते. “राहू दे,” एवढेच बोलून ते पायऱ्या उतरले. वाटेत बराच वेळ गप्प राहून त्यांनी जे म्हटले ते असे, “ज्या गल्लीत मी रांगलो, तिथं मी कोण ते तू येऊन सांगायचं?”

त्या दुपारची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मागे एक बाई उभी होती. दसरा जवळ आला होता, आणि दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे कोयते घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट बेळगावच्या मुलुखात. ह्या बाईचे कार्ड हरवले होते आणि गाडी निघण्याआधी तिला तोच क्रमांक पुन्हा हवा होता, कारण मुले आजीपाशी ठेवून ती जाणार होती आणि मुलांना तो क्रमांक पाठ होता. तिच्याकडे आधार होते. अगदी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपलेले. मुलाने अंगठा ठेवण्याचे यंत्र पुढे केले. तिने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. तिने पदराने पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नाकारला. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. कोयत्याच्या मुठीने आणि उसाच्या पाल्याने त्या बोटांवरच्या रेषा पुसट करून टाकल्या होत्या. सातव्या की आठव्या वेळी डाव्या हाताची अनामिका पटली, आणि सगळे दुकान हसले, तीही हसली.

मी पाहत होतो. एकीकडे चार दशके कागदांचे काम करून गुळगुळीत झालेले, एकेक रेष शाबूत असलेले हात. त्यांची नोंद कोठे नाही. दुसरीकडे ज्यांची नोंद आहे असे हात; त्यांच्या रेषाच उरलेल्या नाहीत. ह्या मातीतली दोन माणसे एका फळीपुढे उभी होती, आणि दोघांसही आपण आपणच आहोत हे सिद्ध करता येत नव्हते.

ह्यावरून नियम करणारांना नावे ठेवावीत असा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. आपल्या देशात आज शंभर कोटींहून अधिक मोबाईल जोडण्या आहेत. दुसऱ्याच्या नावाचे कार्ड घेऊन बोलणारा मनुष्य काय करू शकतो, हे आपण २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पाहिले, आणि आता रोज वर्तमानपत्रांत पाहतो. माझ्याच एका निवृत्त सहकाऱ्याची आयुष्याची पुंजी एका दुपारी फोनवरून गेली. तपासाअंती तो क्रमांक एका मजुराच्या नावावर निघाला, आणि त्या बिचाऱ्यास आपल्या नावाने असे काही आहे ह्याची वार्ताही नव्हती. एका माणसाच्या नावावर नऊहून अधिक जोडण्या असू नयेत, असा जो नियम आहे, तो ह्यासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत सर्व ग्राहकांची पडताळणी व्हावी असे म्हटले. सरकारने तेवढ्यावरून प्रत्येकाने आधार जोडलेच पाहिजे असा हुकूम काढला. आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरविली. २०१९ च्या दुरुस्तीने आधार द्यायचे ते ग्राहकाने स्वखुशीने द्यायचे झाले. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्ज बंद झाले, आणि सगळा व्यवहार दुकानदाराच्या मोबाईलमध्ये गेला. स्वखुशी कायद्यात शाबूत आहे. दुकानात मात्र जो स्वखुश नाही, त्याच्यासाठीचे पान शोधता शोधता दुकानदाराचा दिवस मावळतो.

अमेरिकेत कसे असते? काही वर्षांपूर्वी मी आणि घरची मंडळी मुलीकडे न्यू जर्सीस गेलो होतो. तेथे भाजी, साबण आणि औषधे मिळतात त्याच मोठ्या दुकानात, एका खुंटीवर टांगलेली कार्डे मी पाहिली. मी एक उचलले, पैसे दिले, आणि बाहेर पडलो. माझे नावगाव कोणी पुसले नाही. आगाऊ पैसे भरून घेतलेल्या कार्डाची नोंद तेथे कायद्याने सक्तीची नाही. मला तेव्हा तो देश भलताच विश्वासू वाटला. परंतु त्याच आठवड्यात मुलीचा एक मित्र नवा येऊन घर शोधत होता. त्याला जो तो विचारी, तुमचा सोशल सिक्युरिटीचा नंबर काय, तुमच्या कर्जफेडीचे गुण किती? त्याने जन्मात कर्ज काढले नव्हते. आपल्याकडे ह्या गुणाचे कौतुक झाले असते. तेथे त्यामुळे तो ओळख नसलेला मनुष्य ठरला. तेव्हा असे दिसते की, परक्यास कोठेतरी अडवावयाचे हे प्रत्येक देशाचे ठरलेले आहे. कोणी फाटकापाशी अडवितो, कोणी माजघराच्या दारात. परका कोण, ह्याचे उत्तर मात्र देशोदेशी नव्हे, तर काळोकाळीही बदलते.

मराठवाड्यातल्या माणसाने तरी हे विसरू नये. आमचे आजोबा मूळचे नगर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी अमलातले. १९२४ साली ते येथे आले तेव्हा ह्या गावाचे दफ्तरी नाव मोमिनाबाद होते. नगरची हद्द ओलांडली की चलन बदले. निजामाचा हाली रुपया सुरू होई. पोस्टाची तिकिटेही वेगळी. आजीच्या माहेरी पत्र धाडायचे, तर निजामाचे तिकीट उपयोगी पडत नसे. इंग्रजी तिकीट लावावे लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १९१९ च्या फर्मानाने झालेला मुल्की आणि गैरमुल्की हा भेद. सरकारी नोकरी हवी, तर मनुष्य मुल्की पाहिजे. जन्माने नसेल तर राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य झालेले पाहिजे. आजोबा सरकारी शाळेत नोकरी मिळावी म्हणून उर्दू शिकले, दौलताबादी कागदावर सुरेख अक्षर काढू लागले, गणित तर त्यांचे उत्तमच होते. तथापि ते गैरमुल्की. पंधरा वर्षे त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, आणि १९३९ साली एके दिवशी, काही न करता, केवळ कॅलेंडराचे पान उलटल्यामुळे मुल्की झाले. गावाने त्यांना पहिल्या वर्षीच मास्तर म्हणून ओळखले होते. राज्याला ओळख पटायला आणखी चौदा वर्षे लागली. १९४८ च्या १७ सप्टेंबरला ते राज्यच उरले नाही.

गावाची ओळख आणि राज्याची ओळख ह्यांत हा जो भेद आहे, तो पुष्कळ वेळा आपल्या ध्यानात येत नाही. कारण बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी असतात. येथील योगेश्वरी ही कोकणातल्या शेकडो कुटुंबांची कुलस्वामिनी. ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्री ओलांडून येतात. येथे त्यांचे घर नाही, शेत नाही, बोलण्याचा हेलही निराळा. परंतु देवळाच्या पायरीवर आडनाव आणि गोत्र सांगितले की ती येथली होतात. तेथे ओळख म्हणजे कोणाचे कोण एवढाच प्रश्न असतो. राज्यास तेवढ्याने भागत नाही, आणि भागूही नये. आडनाव कोणीही सांगू शकतो. लाखो अनोळखी माणसांशी ज्याला एकसारखा व्यवहार करायचा आहे, त्याने चेहऱ्यावर विसंबून चालत नाही. ओळखीच्या माणसाचे काम चटकन होते आणि अनोळखी माणूस ताटकळतो, ह्या आपल्या जुन्या रोगावर जर काही औषध असेल, तर ते हा कोरडा कागदच आहे. हे सारे मी दादांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “पटतं मला. मी तिकडं चाळीस वर्षं असल्याच कोरड्या कागदावर इमानानं राहिलो. इथं ओलावा असेल असं वाटलं, एवढंच.”

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. ते बाहेर पडेनासे झाले. एकदा मुलाशी माझ्या मोबाईलवरून बोलताना परतीच्या तिकिटाची चौकशी करताना मी ऐकले. मी काही बोललो नाही. परंतु दोन दिवसांनी गाडी ठरविली आणि लातूरला चला म्हणालो. लातूरला त्या कंपनीचे स्वतःचे केंद्र आहे, आणि परदेशी ग्राहकांचे काम तेथे होते अशी माहिती काढली होती. दादा आले. मला वाटते, ते माझ्यासाठी आले.

केंद्रातली मुलगी तरुण आणि कामात तरबेज होती. जिथे तारीख नाही तिथे काय निवडायचे हे तिला ठाऊक होते. तिने दादांना पांढऱ्या भिंतीपुढे उभे करून पापणी लववायला सांगितली, आणि छायाचित्र घेतले. मग विचारले, “इथं ह्यांना ओळखणारं कोण आहे?”

मी पुढे झालो. त्या क्षणी मला बोलण्यासारखे पुष्कळ होते. ह्या माणसाने पेटीवर आपले नाव कसे काढले, दर पत्रात माझ्यासाठी एक इंग्रजी शब्द अर्थासह कसा लिहून धाडला आणि त्या शब्दांच्या नादानेच मी पुढे इंग्रजीचा अध्यापक कसा झालो, काकांच्या दहाव्या दिवशी हा ओसरीवर कसा बसला होता, हे सारे मी सांगू शकलो असतो. मुलीने माझे नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक घेतला. माझा मोबाईल वाजला. “आकडे वाचा, सर,” ती म्हणाली. मी सहा आकडे वाचले. “झालं,” ती म्हणाली.

माझी साक्ष एवढीच. जन्मभराच्या ओळखीचे त्या यंत्राला काही करायचे नव्हते. मी आहे आणि माझा क्रमांक चालू आहे, एवढे त्यास पुरेसे होते. मला प्रथम थोडी निराशा वाटली. परंतु गाडीत बसल्यावर दादा हसत होते. “तू नातं सांगशील आणि ती लिहून घेईल असं वाटलं होतं,” ते म्हणाले, “पण बरं झालं. तिला सांगायची ती गोष्ट नव्हेच.” संध्याकाळी कार्ड चालू झाले. दादांनी पहिला फोन मुलास केला, आणि दुसरा, मी शेजारीच बसलो असताना, मला. गल्लीत क्रमांक वाटण्याचे काम दुकानातल्या त्या मुलाने आपण होऊन केले. दूधवाला, गॅसवाला, औषधाचा दुकानदार, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तो एकाच नावाने नोंदला गेला आहे: वाड्यातले दादा. मंगळवारी मेथीची जुडी आता ते स्वतः आणतात, आणि ती बाई पैसे आल्याचा आवाज ऐकून मान डोलाविते.

आधारचे काय, असे वाचक विचारतील. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तो येथे राहणाराचा आहे. मागच्या बारा महिन्यांत मिळून १८२ दिवस येथे राहिलेला परदेशस्थ भारतीयही त्यासाठी अर्ज करू शकतो. आजोबांस पंधरा वर्षे लागली ती नोकरीसाठी, आणि हे आहे केवळ राहण्याच्या नोंदीसाठी. तेव्हा दोहोंची तुलना काटेकोर नव्हे. तरीही पंधरा वर्षांचे सहा महिने झाले, हे मला सुधारणेचे लक्षण वाटते. दादांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज सकाळी चहाआधी एक फुली मारण्याचा क्रम ठेवला आहे. परवा मी विचारले, “किती झाले?”

“एकशे सदतीस,” ते म्हणाले. मग चष्मा पुसत थोडे थांबून पुढे म्हणाले, “ह्यात पहिली चोवीस वर्षं धरलेली नाहीत.”